या चुका टाळा: कंपनी, होस्टेल आणि शाळेतलं दारू-नशेचं धोरण

कुठल्याही कंपनीचं दारू आणि अमली पदार्थांविषयीचं धोरण उघडून बघा. चार पानांपैकी तीन शिक्षेची असतात. 'झिरो टॉलरन्स' ठळक अक्षरांत, खाली संचालकांची सही, आणि गेटवर त्याचाच फ्लेक्स. पण रात्री पावणेबाराला प्रेस शॉपच्या (प्रेस मशीनच्या खात्यातल्या) ऑपरेटरच्या तोंडाला वास आला, तर शिफ्ट इनचार्जने पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं, यावर एक ओळही नसते. होस्टेलचं तेच, शाळेचं त्याहून वाईट. बहुतेक प्रकरणं हातची जातात ती या पहिल्या तासात. पुढे वकील कितीही तगडा लावला तरी तो तास परत आणता येत नाही. खालच्या बऱ्याचशा चुका त्या तासातल्याच आहेत.

'वास येत होता' एवढ्यावर भागवणं

नाव-गाव बाजूला ठेवून एक प्रकरण बघू. एमआयडीसीत थोड्याफार फरकाने हेच घडत असतं.

तिसरी पाळी. ऑपरेटर मशीनवर आला, सुपरवायझरला वास आला, गेटवर फोन गेला. गार्ड ब्रीद अ‍ॅनालायझर घेऊन आला. ऑपरेटरने नुकताच मावा थुंकला होता, तशाच तोंडाने फुंकर मारली. आकडा आला. गार्डने रजिस्टरमध्ये लिहिलं: '०.३०, दारू प्यालेला आढळला'. सही फक्त गार्डची. वेळ लिहिलेली नाही, मशीनचा नंबर नाही, साक्षीदार नाही. 'घरी जा, उद्या एचआरला भेट' म्हणून त्याला गेटबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सस्पेंशन, महिन्याभरात चार्जशीट, मग चौकशी आणि बडतर्फी.

चौकशीत कामगार प्रतिनिधीने आरडाओरडा केला नाही, फक्त प्रश्न विचारले. ०.३० म्हणजे काय? टक्के, की दर हजारी? टक्के असतील तर १०० मिली रक्तात ३०० मिलिग्रॅम अल्कोहोल झालं. एवढ्यावर बहुतेक माणसं धड उभी राहत नाहीत, हा मात्र स्वतः चालत गेटपर्यंत गेला. दर हजारी असेल तर ३० मिलिग्रॅम, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ च्या (दारू पिऊन वाहन चालवणं) जेमतेम सीमेवर. मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं? दुसरी चाचणी का घेतली नाही? तो कसा बोलत होता, कसा चालत होता, हे कुणी लिहून ठेवलं? आणि तो इतका प्यालेला होता, तर त्याला मोटरसायकलवर घरी कसं जाऊ दिलं?

शेवटच्या प्रश्नाला व्यवस्थापनाकडे उत्तरच नव्हतं. लेबर कोर्टात बडतर्फी टिकली नाही. माणूस कामावर परत आला, आणि त्या शॉपमध्ये धोरणाची जी काही पत होती ती गेली.

'वास' हा पुरावा किती तोकडा आहे हे जुनंच आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हे सांगून ठेवलंय. डॉक्टरने तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणं असं सगळं नोंदवलेलं होतं. रक्त किंवा लघवी तपासली नव्हती, म्हणून दारू प्यायल्याचं सिद्ध धरलं गेलं नाही. तो फौजदारी खटला होता. कंपनीतल्या खातेनिहाय चौकशीत पुराव्याची पट्टी तेवढी कडक नसते, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं बघितलं जातं. पण पारड्यात टाकायला काहीतरी हवं ना? गार्डची एक ओळ पुरत नाही.

माझी पद्धत साधी आहे. गेटवर आणि प्रत्येक शॉपच्या टेबलात एक पानाचा छापील फॉर्म ठेवायचा. त्यात सुरुवातीला मशीनचा आकडा नसतो, निरीक्षण असतं: वेळ, ठिकाण, डोळे लाल का, बोलणं जड का, चालताना आधार घेतला का, सांगितलेलं काम समजलं का, स्वतःहून काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत). दोघांनी लिहायचं, वेगवेगळ्या फॉर्मवर, एकमेकांचं न बघता. एक जण त्याच्या खात्याबाहेरचा असला तर उत्तम, कारण 'साहेबाचा माझ्यावर राग आहे' हा बचाव तिथेच लंगडा पडतो. मग चाचणी. मग त्याची सही. सही करत नसेल तर 'सहीस नकार' असं लिहून साक्षीदाराची सही. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. ज्यांना ही वीस मिनिटं जड वाटतात ते पुढे लेबर कोर्टात वर्षानुवर्षं बसतात, हे बघून बघून कंटाळा आलाय.

मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कारखान्यातल्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे नमुना नियम) आवारात दारू पिऊन गोंधळ घालणं हे गैरवर्तन म्हणून आधीपासून आहे. पण 'चाचणीला नकार' हे वेगळं गैरवर्तन म्हणून बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं, आणि एचआरने ईमेलने पाठवलेल्या धोरणाने स्टँडिंग ऑर्डर्स बदलत नाहीत. बदल हवा असेल तर तो रीतसर प्रमाणित करून घ्यावा लागतो. सस्पेन्ड केलं की पहिले नव्वद दिवस निम्म्या पगाराएवढा निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. तो थांबवला तर अख्खी चौकशी त्यावरच लटकते. आणि घाईघाईने, बाजू न ऐकता काढलं, किंवा किरकोळ गोष्टीला न शोभणारी शिक्षा दिली, तर महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याचं चौथं शेड्यूल तयारच आहे, त्यात हीच मालकाची अनुचित प्रथा ठरते.

मशीन विकत घेतलं, संपलं

चुकांचं मोहोळ म्हणावं तर हे. बाजारात हजार-दोन हजारात मिळणारी मशीनं सेमीकंडक्टर सेन्सरची असतात. त्यांना अल्कोहोल आणि बाकीच्या वाफा यांतला फरक नीट कळत नाही. साखर अनियंत्रित असलेल्या मधुमेही माणसाच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनलाही ती आकडा दाखवू शकतात. फ्युएल सेल सेन्सरचं मशीन महाग पडतं, पण कारवाई करायची असेल तर तेच घ्या. स्वस्त मशीन फक्त 'आता नीट चाचणी घ्यायला हवी' एवढं ठरवायला वापरा.

चाचणीआधी १५ मिनिटं माणूस नजरेसमोर बसलेला हवा. खाणं, पाणी, तंबाखू, मुखवास काही नाही. आधी साध्या पाण्याने चूळ भरू द्या. माउथवॉश, खोकल्याचं औषध, नुकताच घेतलेला घोट यांचं अल्कोहोल तोंडातच असतं आणि ते काही मिनिटांत उडून जातं. पंधरा मिनिटं थांबलं की उरतं ते फुफ्फुसातलं. सॅनिटायझरची बाटली टेबलावरून हलवा. सिक्युरिटी केबिन बंद असते, आणि सॅनिटायझरमध्ये ७० टक्के अल्कोहोल. प्रत्येकाला नवी नळी, आधी हवेचं रीडिंग शून्य आलेलं दाखवायचं, मग पहिली फुंकर, काही मिनिटांनी दुसरी. दोन्ही आकडे लिहायचे, आणि आकड्याशेजारी एकक. एकक छापलेलंच असू दे, गार्डच्या स्मरणशक्तीवर सोडू नका. श्वासातले ०.१४ मिलिग्रॅम दर लिटर म्हणजे रक्तातले साधारण ३० मिलिग्रॅम दर १०० मिली. हे गणित चाचणी घेणाऱ्याला तोंडपाठ पाहिजे. कॅलिब्रेशन उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्ष, आणि सर्टिफिकेटची प्रत मशीनच्याच डब्यात.

'मी कुमारी आसव घेतो' हा बचाव हसण्यावारी नेऊ नका. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं पाच ते दहा टक्के अल्कोहोल असतंच. पण चार चमच्यांनी पंधरा मिनिटांनंतर मोठा आकडा येत नाही. म्हणूनच ती पंधरा मिनिटं.

'कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त' असं लिहिणं

कुठली मर्यादा? वाहन चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६६ मध्ये ज्या पातळीपासून बेकायदा दारू प्यायल्याचं गृहीतक लागतं ती ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम. वैमानिकाला शून्य. रेल्वेचे लोको पायलट ड्युटीवर येताना आणि सुटताना फुंकर मारतात. यातलं काहीही तुमच्या कारखान्याला आपोआप लागू होत नाही. आकडा स्वतः ठरवा आणि लिहा. क्रेन, फोर्कलिफ्ट, प्रेस, बॉयलर, उंचीवरचं काम, कंपनीची बस, यांना माझ्या मते शून्यच. मशीनची चूक धरून १० मिलिग्रॅमपर्यंत सोडा, त्यापुढे काम नाही. टेबलावर बसणाऱ्यांना वेगळी पट्टी लावायची तर लावा, पण मग साहेबांच्या गाड्याही गेटवर थांबल्या पाहिजेत. फक्त ठेकेदाराच्या माणसांना रांगेत उभं करून फुंकर मारायला लावणारं गेट म्हणजे धोरण नव्हे, नुसती हुकूमत आहे, आणि युनियनला हातात कोलीत देणं आहे. अचानक तपासणी करायची तर नावं चिठ्ठीने काढा आणि ती चिठ्ठी जपून ठेवा.

प्यालेल्याला घरी पाठवणं

आपल्या आवारातून गेला, आपली जबाबदारी संपली, असं अनेकांना मनापासून वाटतं. नाही संपत. तुम्ही स्वतः लिहिलंय की तो काम करण्याच्या अवस्थेत नाही. मग तो पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री बाराला मोटरसायकल चालवण्याच्या अवस्थेत कसा? किल्ली मागून घ्या, पावती द्या, घरच्या माणसाला फोन करा, कंपनीच्या गाडीतून किंवा रिक्षाने सोडा आणि कुणाच्या ताब्यात दिलं ते लिहा. घरी कुणी नसेल तर ओएचसीत (कंपनीच्या दवाखान्यात) झोपवा, नर्सच्या नजरेसमोर. सिक्युरिटीच्या खोलीत कडी लावून नाही.

भरपाईच्या कायद्याविषयीही एक गैरसमज घट्ट बसलाय: 'प्यालेला होता, मग आपल्याला काही द्यावं लागणार नाही.' १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून तत्त्व असं आहे की नशेमुळे थेट झालेल्या अपघातात मालकाची सुटका होते, पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर होत नाही. म्हणजे सगळ्यात मोठ्या अपघातातच ही ढाल चालत नाही. सुपरवायझरला हे माहीत असतं तर 'जाऊ दे रे, मशीनवर उभा आहे ना' असं तो म्हणाला नसता.

अपघातानंतरची चाचणी दुसऱ्या दिवशी घेणं हा याचाच धाकटा भाऊ. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकचालकांसाठी नियम असा आहे की अल्कोहोल चाचणी दोन तासांत घ्या, नाही जमली तर कारण लिहा, आणि आठ तासांनंतर प्रयत्नच सोडा. अमली पदार्थांसाठी ३२ तास. हीच पट्टी आपल्याकडे वापरायला कुणाची हरकत नसावी. मात्र आधी उपचार, मग चाचणी.

'रात्रीची आहे, सकाळी काय त्याचं'

एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १३० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. यकृत तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम उतरवतं. काहींचं १०, काहींचं २०-२५, पण लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग बदलत नाही. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला आठ-नऊ तास. ज्याने अकरा ते बाराच्या दरम्यान ती रिकामी केली तो सकाळी सातच्या पहिल्या पाळीला अजून कोरा नसतो. दोन रिकाम्या केल्या असतील तर दुपारच्या जेवणापर्यंत विचारायलाच नको. ट्रेनिंगमध्ये हे गणित फळ्यावर करून दाखवा. यकृताचे फोटो दाखवण्यापेक्षा याने जास्त डोळे उघडतात. दिवाळी, थर्टीफर्स्ट, पगाराच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला लक्ष ठेवा.

रक्त आणि लघवी: कुणाकडून, कशी

कंपनीला किंवा कॉलेजला कुणाचंही रक्त जबरदस्तीने काढता येत नाही. दारूबंदी कायद्यातली सक्तीची तपासणी पोलीस किंवा उत्पादन शुल्क अधिकारी करवून घेतात, एचआर नाही. संमती लेखी हवी. रक्त घेतलंच तर कातडी स्पिरिटने पुसू नका. १९५९ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय, तरी नर्सचा हात सवयीने स्पिरिटच्या बोळ्याकडेच जातो. त्या एका बोळ्याने नमुना वादात पडतो. बाटलीत सोडियम फ्लोराइड पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात दोन दिवस पडून राहिलेल्या नमुन्यात जंतूच अल्कोहोल तयार करू शकतात.

लघवीच्या पाच पट्ट्यांच्या किटवर कारवाई करणारे तर महाभागच. ते किट चाळणी आहे, निकाल नाही. पॉझिटिव्ह आलं की त्याच नमुन्याचा दुसरा, सीलबंद भाग प्रयोगशाळेत जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसने (नेमका पदार्थ ओळखणाऱ्या चाचणीने) तपासून घ्यायचा, आणि तो निकाल येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. अफूच्या पट्टीला खसखस चालते. दिवाळीत अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या पोटभर खाल्लेल्या माणसाची पट्टी ३०० नॅनोग्रॅम दर मिलीच्या मर्यादेवर पॉझिटिव्ह येऊ शकते. याच भानगडीमुळे अमेरिकेत सरकारी चाचण्यांची मर्यादा २००० वर नेली. कोडीनचं खोकल्याचं औषधही त्याच पट्टीवर दिसतं. किट घेताना मर्यादा कोणती ते पाकिटावर बघा, बघत कुणी नाही.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. सध्या मुंबई-पुण्यात ज्याची सगळ्यात जास्त चर्चा आहे ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन, साध्या किटवर बहुतेक वेळा दिसतच नाही. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन हेही नाही. तेव्हा 'सगळ्यांची टेस्ट केली, सगळे क्लीन' या वाक्यावर छाती फुगवू नका. गांजा मात्र रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडेही दिसू शकतो. त्यावरून तो आज कामावर नशेत होता असं सिद्ध होत नाही. धोरणात 'नशेत असणं' आणि 'शरीरात अंश असणं' ही दोन वेगळी वाक्यं पाहिजेत.

नमुना घेतल्यापासून चार मिनिटांत तापमान ३२ ते ३८ अंशांत असावं. गार असेल तर तो त्याचा नाही, मित्राचा आहे.

होस्टेल: 'झोपेल, उतरेल'

रेक्टर लोकांची ही लाडकी ओळ, आणि मुलांचीही. दोघंही एकाच कारणाने म्हणतात: प्रकरण वर जायला नको. शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे झोपवलेला मुलगा पुढच्या तासाभरात आणखी खोल जाऊ शकतो. उताणा झोपलेला असताना उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते. मरण येतं ते बहुधा असं, खोलीत, दार लावलेलं असताना.

कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पुढे वाकवून. एक माणूस जागा राहून शेजारी बसलेला हवा, आळीपाळीने. चिमटा काढून जागा होत नाही, मिनिटाला श्वास आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ निळसर, अंग गार, झटका: यातलं एकही दिसलं की १०८. कॉफी पाजू नका, चालवू नका, बोटं घालून उलटी करवू नका, शॉवरखाली उभं करू नका. हे पाच ओळींचं पान प्रत्येक मजल्यावर, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्ड कुणी वाचत नाही.

आणि खरी दुरुस्ती धोरणात आहे. मदतीसाठी फोन करणाऱ्या मुलावर आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर, त्या रात्रीच्या पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही, असं एक कलम घाला. पाश्चात्त्य विद्यापीठांत हे बरंच रुळलंय. आपल्याकडे सुचवलं की पहिली प्रतिक्रिया 'म्हणजे प्यायला परवानगीच की'. परवानगी नाही. समुपदेशनाला यावं लागेल, पालकांशी बोलणं होईल. पण 'नावं कळली तर काढून टाकू' असं म्हणणाऱ्या होस्टेलात मुलं रात्री दोनला रेक्टरचं दार वाजवत नाहीत, एवढं तरी मान्य करा.

दुसरी होस्टेलची चूक याहून विचित्र. खोलीत पुडी सापडते. रेक्टर ती उचलतो, पाकिटात घालतो, कपाटात ठेवतो, 'पालक येऊ देत, मग बघू'. तीन दिवस ती पुडी कुणाच्या ताब्यात आहे? रेक्टरच्या. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याला तुमचा हेतू शुद्ध होता हे पटवायला मग पळापळ. काही जण तर ती संडासात टाकून पाणी सोडतात, म्हणजे पुरावा नष्ट केल्याची भर. शिक्षा वजनावर ठरते: मेफेड्रोन दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमला व्यावसायिक. गांजाचं हेच एक किलो आणि वीस किलो. डोळ्यांनी वजन कळत नाही. हात लावू नका. दोन जणांसमोर आहे तसा फोटो, खोलीला कुलूप, किल्ली एकाकडे, वेळ लिहा, प्राचार्य आणि पोलिसांना कळवा. मुलांच्या अंगाची झडती घेण्याच्या भानगडीत पडूच नका, मुलींच्या तर नाहीच. आवारात हे चालतंय हे माहीत असून चालू देणाऱ्यालाही त्या कायद्यात कलम २५ आहे.

जो मुलगा स्वतःहून उपचाराला तयार आहे, त्याला त्याच कायद्याच्या ६४ए ची माहिती द्या. सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे रेक्टरला माहीत नसतं, वकिलाला वेळ नसतो, मुलाला कुणी सांगत नाही.

सीनियरने ज्युनियरला जबरदस्तीने पाजणं हे 'दारूचं प्रकरण' म्हणून नोंदवू नका. ते रॅगिंग आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करावी लागते.

काही एका ओळीत

होस्टेलच्या नियमात '१८ वर्षांखालील' हे बाहेरच्या देशातून उचललेलं वाक्य खोडा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि त्यापुढच्या दारूला २५, शिवाय परवाना.

ऑफिस पार्टीत दारू ठेवायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आणि नव्या भरतीतल्या पंचविशीखालच्यांचा विचार, दोन्ही आधी.

वर्धा-गडचिरोलीतल्या साइटवर मुंबई ऑफिसचं धोरण चिकटवू नका. तिथे जिल्ह्यातच दारूबंदी आहे.

होळीची भांग एनडीपीएसमध्ये नाही म्हणून धोरणात नाही, असं करू नका. प्रेसवर उभ्या माणसाची थंडाई कायद्याच्या व्याख्येने उतरत नाही.

गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे शिक्षकांच्या खोलीतही लागू होतं.

शाळा

इथे धोरण सगळ्यात कमी आणि आवेश सगळ्यात जास्त. सातवीतल्या मुलाच्या दप्तरात व्हाइटनर लावलेला रुमाल सापडला की मुख्याध्यापकांच्या तोंडी पहिला शब्द 'दाखला घेऊन जा'. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तेच सांगतं (अल्पसंख्याक संस्था त्या कायद्याबाहेर आहेत, हे वेगळं). मारायचं तर नाहीच, कलम १७. आणि काढून टाकलेला मुलगा जातो कुठे? ज्याने व्हाइटनर दिलं त्याच्याचकडे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला मात्र बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तक्रार तिकडे करा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही. पिवळी रेघ मारली, फोटो काढला आणि रेघेच्या आतली टपरी तशीच, असं दृश्य ओळखीचं असेल.

अमली पदार्थांची नावं, भाव आणि नमुन्यांचे फोटो दाखवणारी जनजागृती प्रदर्शनं बंद करा. पोरांना जे माहीत नव्हतं ते कळतं, बस.

'सोडून ये, मग बघू'

रोज पिणाऱ्या कामगाराला 'आजपासून बंद, नाहीतर नोकरी बंद' अशी तंबी देणारे व्यवस्थापक स्वतःला कनवाळू समजतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दिवसात हात थरथरतात, दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम. हे जीवघेणं असतं. दारू सोडवण्याचा पहिला आठवडा डॉक्टरच्या देखरेखीखाली जायला हवा, आणि तेवढी रजा धोरणातच लिहिलेली हवी. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. केंद्र कुठलंही निवडा, पण साखळदंड आणि मारहाण यांच्या गोष्टी ऐकू येणारी ठिकाणं टाळा. दारू-अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात, आणि रुग्णाचे हक्कही त्यासोबत येतात.

जेवणात गुपचूप गोळी मिसळण्याचा सल्ला ओएचसीतून दिला जातो, तो थांबवा. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठीची ती गोळी, घेतलेल्या माणसाने नकळत दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो. ती गोळी त्याच्या संमतीने आणि तज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच.

परत आल्यावरचं पत्र एका पानाचं असू दे: कोणत्या तारखेपासून कोणतं काम, पहिले तीन महिने प्रेस आणि फोर्कलिफ्ट नाही, तिसरी पाळी नाही, पगार तोच, पुढच्या सहा महिन्यांत कधीही चाचणी, आणि ती कोण घेणार त्याचं पद. केंद्राचे कागद एचआरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवू नका, कंपनी डॉक्टरच्या कुलपात ठेवा. सुपरवायझरला फक्त 'हे काम चालेल, हे चालणार नाही' एवढंच कळवा. का, ते नाही.